नसलेला चष्मा

माझी नक्कल चालली होती आणि मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. तास सुरू व्हायला थोडा अवकाश होता, वर्गाचं दार अर्धवट लोटलेलं, आत खिदळणं. फळ्यापुढे ती पोरगी होती जिला सगळा वर्ग रेडिओ म्हणतो, कारण एकदा बटण दाबलं की ती बंद होत नाही. खडू दोन बोटांत धरून तिने छताकडे पाहिलं, उगाच थांबली, मग घसा खाकरून म्हणाली, "म्हणजेच काय, तर समाज म्हणजे निव्वळ माणसांची गर्दी नव्हे!" वर्ग फुटला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. नक्कल बेमालूम होती. आणि मग तिने उजव्या हाताचं मधलं बोट नाकावर ठेवून चष्मा वर सरकवला. चष्मा नव्हताच. नुसतं बोट नाकावरून वर गेलं. "अगं, पण मॅडमना कुठे चष्मा आहे?" मागून कोणीतरी ओरडलं. "तेच तर ना!" रेडिओ म्हणाली, "नाहीये, तरी सरकवतात! आज बघा तुम्ही!" माझं हसू जागच्या जागी वाळलं. कारण मला चष्मा नाही, कधीच नव्हता, आणि माझं बोट नेमकं त्याच वेळी नाकाकडे निघालं होतं.

चष्मा सरांना आहे. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. जाड काळ्या काड्यांचा, सतत घसरणारा चष्मा, आणि तो वर सरकवताना ते जे थांबतात, त्या थांबण्यात अख्खा वर्ग श्वास रोखून बसतो. मी त्यांची विद्यार्थिनी, अगदी पहिल्या वर्षापासून. प्रबंध त्यांच्या हाताखाली केला, आणि या कॉलेजात मला लावून घेतलं तेही त्यांनीच. शिकवायचं कसं हे मात्र मला कोणी शिकवलं नाही. शाळेत पोरांना पाढे शिकवायचे तरी आधी वर्षभर स्वतः शिकावं लागतं. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला काहीच लागत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. ढकला पाण्यात आणि काठावरून ओरडा, हात मार, हात मार! पहिल्या दिवशी मी व्यासपीठावर चढले तेव्हा एवढी तोंडं माझ्याकडे बघत होती की माझी वाचाच बसली. प्रबंधात शेकडो पानं लिहिलेली बाई, आणि 'समाज' या शब्दापुढे एक शब्द सुचेना. तेव्हा आतून कुठून तरी आवाज आला, "म्हणजेच काय, तर," आणि पुढचं सगळं धडाधड बाहेर पडलं. तास निभावला. मला वाटलं, जमलं की आपल्याला! जमलं होतं ते सरांना. ते तिथे नव्हते एवढंच.

त्या दिवशी नक्कल ऐकून मी आत गेले ती डस्टर उजव्या हातात घट्ट धरूनच. तास संपेपर्यंत सोडायचा नाही, असा निश्चय. तर काय गंमत, हात बांधला गेला आणि जीभही बांधली गेली. 'म्हणजेच काय' म्हणायचं नाही असं ठरवलं, तर पुढे काय म्हणायचं हेच कळेना. सामाजिक नियंत्रणावर बोलत होते, आणि बोलत होते म्हणजे ठेचकाळत होते. पोरं आधी माझ्या नाकाकडे टक लावून होती, मग कंटाळली. रेडिओ तर चक्क हिरमुसली. तिचं भाकीत खोटं पडत होतं. शेवटी मी टेकीला आले आणि व्याख्या सांगायला लागले. झालं! सगळ्या माना खाली, सगळी पेनं चालू. व्याख्या सांगितली की वर्ग कसा शिस्तीत येतो ते बघण्यासारखं आहे. कोणी कोणाकडे बघत नाही. तुम्ही रडत जरी व्याख्या सांगितली तरी ते स्वल्पविरामासकट उतरवून घेतील. मी सावकाश सांगत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मुलांवर नव्हे. माझ्यावर, सरांवर, त्या गुळगुळीत वाक्यांवर, ज्यांत कुठेही हात घातला तरी माणूस म्हणून हाताला लागत नाही.

घरी आईला सांगितलं. आम्ही दोघीच असतो आता. आई पोट धरधरून हसली. "तुझं हे जुनंच आहे गं," ती म्हणाली. "लहानपणी तू बाबांसारखी खोकायचीस. काही झालेलं नसायचं, पण उंबऱ्यात बसून खो खो खो! तुझी आत्या म्हणायची, पोरीला दमा आहे." मला ते आठवत नव्हतं, पण बाबांचा खोकला आठवला. अरे बापरे, तो खोकला! आमच्या घरात त्या खोकल्याला मान होता. बाबा खोकले की पंखा बंद, रेडिओ बंद, आम्ही पायाच्या चवड्यांवर. आत्या वाफारा घेऊन धावायची, शेजारचे समाचाराला यायचे, ऑफिसातून माणूस यायचा. बाबा उशांना टेकून बसायचे आणि हळू आवाजात सगळ्यांना तेच तेच सांगायचे. सर्दीच असायची हो बहुतेक वेळा! अशाच एका सर्दीत आई न्हाणीत घसरली. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. समाचाराला आलेल्या माणसांना तिने त्याच दिवशी एका हाताने चहा करून दिला. माणसं बाबांना भेटायला आलेली. एकजण आईच्या हाताकडे बघून म्हणाला, "वहिनी, हे काय?" तर आई म्हणाली, "काही नाही हो, डावा आहे." मी दाराशी बसून पाहत होते, आणि बहुधा खोकत होते. मी तिथे आहे हे घरात कळायला दुसरा कुठला आवाज काढायचा होता? आईसारखं आजारी पडून तर कोणाला कळलंच नसतं.

"आई," मी म्हटलं, "तू आजारी कधी पडलीस?" ती विचारात पडली. खरोखरच आठवत बसली. "आजारी अशी नाही," ती म्हणाली. "कधी बरं नसायचं, इतकंच. पडून कुठे राहिले? आणि कोण बघणार होतं?" तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता, त्याचीच मला जास्त चीड आली. ती कपाटात कपडे लावायला लागली आणि मी तिच्या वाकड्या बसलेल्या मनगटाकडे बघत राहिले. कुटुंब ही परस्पर सहकार्यावर आधारलेली सार्वत्रिक सामाजिक संस्था होय. हे वाक्य मी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, त्यावर गुण मिळवले, आणि दोन वर्षं मुलांना ते सावकाश सांगतेय. त्यात हे मनगट कुठे बसवायचं?

निरीक्षणाचा तास तोंडावर आला होता. आमच्याकडे पद्धत अशी की प्रोबेशन संपताना विभागप्रमुख, उपप्राचार्य बाई आणि बाहेरचे एक तज्ज्ञ असे तिघे तुमच्या एका तासाला मागच्या बाकावर येऊन बसतात आणि ठरवतात, तुम्हाला कायम करायचं की नारळ द्यायचा. आणि तो तास बसवलेला असतो, हे त्या तिघांनाही माहीत असतं. आदल्या दिवशी हुशार मुलांना 'उत्स्फूर्त' प्रश्न वाटून देतात. कोणी कधी हात वर करायचा, कोणी 'मॅडम, मला एक शंका आहे' म्हणायचं, सगळं ठरलेलं. लग्नातल्या व्हिडिओसारखं, पुन्हा एकदा हसा, हार नीट धरा. मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते खुशीत होते. "कुटुंब घे," ते म्हणाले. "सोपं आहे, गोड आहे. व्याख्या, वैशिष्ट्यं, प्रकार, कार्यं. प्रश्न वाटून टाक. ती बडबडी मुलगी आहे ना, तिला दे एक, धीट आहे." मी हसत हसत त्यांना नकलेची गोष्ट सांगितली. वाटलं, तेही हसतील, म्हणतील, काय वेडी आहेस गं, आपला आवाज शोध. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग चांगलंच आहे की!" ते म्हणाले. "मीही माझ्या सरांचीच नक्कल करत आलो. त्यांचं ते थांबणं, तो हात. विद्या अशीच पुढे जाते, पोरी. परंपरा म्हणतात तिला." ते अगदी मायेने म्हणाले. त्यांनी मला खरंच लेकीसारखं वागवलं होतं. फी भरायची पंचाईत होती तेव्हा त्यांनी ऑफिसात जाऊन भांडण केलेलं. आणि आता ते मला त्यांच्याकडचं सगळ्यात मोलाचं जे होतं ते देऊ करत होते, आणि मला ते नको होतं.

मी प्रश्न वाटले नाहीत. आई म्हणाली, "सरांचं मन मोडू नकोस. एकदाची कायम हो, मग काय ती बंडं कर." कायम झाल्यावर कोणी बंड केलेलं मी तरी पाहिलं नाही. नोकरी गेली तर दुसरी कुठेही ठेवलेली नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. रात्रभर तळमळले वगैरे म्हणावं तर तसं काही झालं नाही, मस्त झोपले. सकाळी उठून आरशासमोर उभी राहिले आणि नाकाला दम दिला.

ते तिघे मागे बसले होते. सर मधे, उपप्राचार्य बाई ताठ, तज्ज्ञ आल्याआल्याच जांभई दाबत. वर्ग इस्त्री केल्यासारखा. मी फळ्यावर 'कुटुंब' लिहिलं, वळले आणि विचारलं, "तुमच्या घरात आजारी पडायची परवानगी कोणाला आहे?" शांतता पसरली आणि मी ती पसरू दिली. सरांची ती थांबायची जागा नव्हे, ही माझी होती, आणि भयंकर होती. सर किंचित हसले. त्यांना वाटलं असावं, सुरुवात कल्पक आहे, आता येईल व्याख्या. मग रेडिओनेच तोंड उघडलं, पण नेहमीच्या आवाजात नाही. "मॅडम, परवानगी म्हणजे?" "म्हणजे कोण आजारी पडलं की घर थांबतं? आणि कोण पडलं की घर चालूच राहतं?" "माझा भाऊ," ती पटकन म्हणाली. "त्याला शिंक आली की आई ऑफिसला दांडी मारते." हशा पिकला. "आणि तू?" "मी? मला गोळी देतात आणि म्हणतात, कॉलेजला जा, बरं वाटेल." मग दुसरा, मग तिसरी. कोणाच्या घरी आजोबा पडतात, आजी पडत नाही. एकाच्या घरी वडील दिवसभर ट्रक चालवतात, ते आजारी पडले तर चूल थंड, म्हणून त्यांनी ताप अंगावर काढायचा. आई मात्र झोपू शकते. "मग परवानगी नेहमी पुरुषालाच असते असं नाही," तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "शाबास! मग कशावर ठरते?" आता ते एकमेकांशी भांडत होते. मागच्या बाकावरची एक, जिचा आवाज मी वर्षभरात हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे कामाला बाई येतात ना मॅडम, त्या आजारी पडल्या की आई म्हणते, नाटकं आहेत." ती लाल झाली, पण बसली नाही. माझं बोट नाकाकडे गेलं नाही. मला ते आठवलंसुद्धा नाही, नंतर आठवलं की आठवलं नव्हतं.

"व्याख्या?" मागून आवाज आला. सरच ते. अगदी सौम्यपणे. मी म्हटलं, "येतेय सर, शेवटी येईल." थोडा वेळ गेला. तज्ज्ञ जागे होऊन पुढे वाकले होते आणि त्या ट्रकवाल्याच्या मुलाचं ऐकत होते. पण सर उठले. बाकांमधून चालत पुढे आले, माझ्या हातातून खडू घेतला. हिसकावला नाही, मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा काढून घेतला. मला सांभाळत होते ते. "चर्चा छान झाली," ते वर्गाला म्हणाले. "म्हणजेच काय, तर कुटुंब ही... घ्या लिहून." आणि सगळ्या माना खाली गेल्या. सगळ्या. ती मागची मुलगी, जी अजून उभीच होती, तिने आधी इकडे-तिकडे पाहिलं, मग गुपचूप बसली आणि पेन उचललं. तिचं ते बसणं मला बघवेना. बाकी सगळं मी गिळलं असतं, तेवढं नाही गिळवलं.

"सर," मी म्हणाले, "माझा तास अजून संपलेला नाही." आवाज फुटला माझा, चिरका निघाला, पण माझाच निघाला. सर थांबले. चष्म्याकडे गेलेला हात तसाच राहिला. "तू दमलीस, मी जरा आवरून देतो," ते हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. "मला आवरायचं नाहीये," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खडू द्या." त्यांनी खडू टेबलावर ठेवला. माझ्या हातात दिला नाही. मग ते बाहेर गेले, त्यांच्यामागे उपप्राचार्य बाई टाचा वाजवत, आणि सगळ्यांत शेवटी तज्ज्ञ, बिचारे दारात एकदा वळून बघत. "मॅडम," रेडिओ कुजबुजली, "तुमची नोकरी गेली का?" "बहुतेक," मी म्हटलं. मी टेबलाला टेकले. "आता राहिलेल्या वेळात व्याख्या करू. मी नाही सांगणार. तुम्ही करा." मुलांनी केली. खोडली, परत केली, 'सहकार्य' हा शब्द ठेवायचा की नाही यावर जुंपली. शेवटी त्या मागच्या मुलीने सांगितलं आणि मी फळ्यावर लिहिलं: काही जणांनी आजारी पडायचं नाही, म्हणून बाकीच्यांना पडता येतं, अशा माणसांचा एकत्र राहणारा गट म्हणजे कुटुंब. "पूर्ण नाहीये," ट्रकवाल्याचा मुलगा म्हणाला. "नाहीच," मी म्हटलं. "उद्या भांडू."

सरांच्या खोलीत ते एकटेच होते. बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "त्या दोघांना मी समजावलंय," ते म्हणाले. "नवी आहे, घाबरली, तोल गेला, असं सांगितलं. परवा परत तास घे. तोच विषय. या वेळी सांगितल्यासारखा घे. एकदाच, पोरी. व्याख्या, वैशिष्ट्यं, प्रकार, आणि सुटलीस. नंतर तुझा वर्ग, तुझं राज्य." एवढं सोपं होतं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, महिन्याच्या सुरुवातीला भाडं देताना असतो तसा. मी पाणी प्यायले. "सर, मी घाबरले नव्हते," मी म्हटलं. "आणि परवा तास घेतला तर असाच घेईन." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांच्या आवाजात जे आलं ते खरं दुःख होतं, मी त्यांना ओळखते. "मी तुझ्यासाठी काय काय केलं ते काढत नाही मी. पण माझ्याच वर्गात, माझ्याच विषयात, बाहेरच्या माणसापुढे? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, एवढं तरी शिकवलं होतं ना तुला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं. "नाही सर," मी म्हणाले. "तुम्ही समाजशास्त्र शिकवलंत. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, याशिवाय त्यात दुसरं आहे काय? बाहेरच्या घराचे वासे तर कोणीही मोजेल."

सरांनी मान वळवली. "मग मला वर तसंच कळवावं लागेल," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "सत्र संपेपर्यंत तू आहेस. पुढचं मी सांगू शकत नाही." "कळवा," मी म्हटलं. वाकून नमस्कार करावासा वाटला, पण तो त्यांना माफी वाटली असती, म्हणून नुसती उठले. दार उघडलं तर बाहेर अर्धा वर्ग भिंतीला चिकटून उभा. रेडिओ सगळ्यांत पुढे. सगळे माझ्या तोंडाकडे बघून ओळखायला बघत होते. सत्र संपेपर्यंत म्हणजे अजून निम्मा अभ्यासक्रम माझ्या हातात होता. "मॅडम, उद्या काय?" रेडिओने विचारलं. "उद्या पुढचा धडा," मी म्हणाले. "शिक्षणसंस्था. व्याख्या पाठ करून कोणी आलं तर बाहेर काढीन. एकाच प्रश्नाचा विचार करून या. या कॉलेजात चुकायची परवानगी कोणाला आहे?" दार माझ्यामागे सताड उघडं होतं. मी मुद्दामच मोठ्याने बोलले.